मिशी, कुर्ता आणि केदारमामा

मुलाखतीत खरं बोलायचं, की समोरच्या साहेबांना आवडेल ते बोलायचं? डहाणू-तलासरीकडच्या बारावी झालेल्या, आयटीआय केलेल्या किंवा पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलामुलींना नोकरीविषयी जे प्रश्न पडतात, त्यांत हा हमखास असतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: ओळख नसेल तर जाऊन उपयोग आहे का? तिसरा मनात असतो, पण तो सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही: पगार किती, असं आपण विचारलं तर चालतं का?

या तिन्ही प्रश्नांसाठी एका जुन्या चित्रपटाचा आधार घेऊ. हृषीकेश मुखर्जींचा ‘गोलमाल’, १९७९ सालचा. त्याच नावाची अलीकडच्या धिंगाणा चित्रपटांची मालिका वेगळी. हा अमोल पालेकर आणि उत्पल दत्त यांचा. पालेकरांना त्यासाठी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. नट होण्याआधी ते स्वतः बँकेत नोकरी करत होते, त्यामुळे नोकरदार माणसाची चाल त्यांना वेगळी शिकावी लागली नसणार. लोक हा चित्रपट पोट धरून हसायला पाहतात. पण नोकरी शोधणाऱ्याने तो दुसऱ्यांदा, थोडा सावकाश पाहावा.

१. चित्रपटात नेमकं काय घडतं

रामप्रसाद शर्मा नुकताच सीए झाला आहे. आईवडील नाहीत, घरी एक बहीण आहे आणि नोकरीची निकड आहे. घरोब्याचे डॉक्टर केदार, म्हणजे केदारमामा, त्याला एका जागेची खबर देतात. मालकाचं नाव भवानीशंकर. या गृहस्थांची काही ठाम मतं आहेत: मिशी नसलेला पुरुष भरवशाचा नाही, खेळ, सिनेमा आणि फॅशन यांत रमणारा तरुण कामाचा नाही, जुने संस्कार हेच खरं भांडवल. रामप्रसादला तर हॉकी-फुटबॉलचं वेड. पण तो मित्राकडून कुर्ता मागून आणतो, शुद्ध हिंदी बोलतो आणि पेलेचा विषय निघाल्यावर या नावाचा कोणी खेळाडू आहे हेच आपल्याला ठाऊक नाही असा चेहरा करतो. नोकरी मिळते.

पुढे हॉकीची मॅच पाहायला तो आई आजारी असल्याचं सांगून सुट्टी घेतो. मालक त्याला मैदानावर पाहतो. मग तो मी नव्हेच, माझा जुळा भाऊ लक्ष्मणप्रसाद. त्याला मिशी नाही. त्या भावासाठी मिशी उतरवावी लागते, ऑफिसात जायला खोटी मिशी चिकटवावी लागते. आई आजारी असल्याचं सांगितलंय, म्हणून एक आई उभी करावी लागते. एका सुट्टीपायी अख्खं खोटं कुटुंब तयार होतं.

या गोष्टीतून “थोडं खोटं बोललं तर काम होतं” असा अर्थ काढणारे भेटतात. मला तो साफ चुकीचा वाटतो. रामप्रसाद सीए होता. ते काम त्याला येत होतं. पेले माहीत आहे असं तो म्हणाला असता, तर भवानीशंकरने त्याला बाहेर काढलं असतं हे खरं. पण तो दोष भवानीशंकरचा. रामप्रसादकडून आपण जे घ्यायचं ते दुसरंच आहे, आणि त्याची सुरुवात केदारमामापासून होते.

२. केदारमामा काय देतो

‘ओळख’ म्हणतो तेव्हा आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतो. एक वशिला: “हा आपला माणूस आहे, घेऊन टाका.” दुसरी माहिती: जागा कुठे आहे, माणूस कसा आहे, काय विचारतात. केदारमामाने रामप्रसादला दिली ती माहिती. वशिला थोड्यांच्याच नशिबी असतो, माहिती मात्र मिळवता येते. आपल्याकडच्या बहुतेक मुलांचं अडतं ते इथे; मार्कांवर तेवढं अडत नाही.

त्याचं कारण भूगोलात आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून अधिसूचित केला. त्यामुळे प्रदूषण करणारे मोठे कारखाने इथे आले नाहीत. ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र तेवढं नव्वदच्या दशकात सुरू झालं. बाकी चिकूच्या वाड्या, मासेमारी, फुग्यांचे कारखाने, चिंचणी-वरोरकडचं डायमेकिंग. झाडं आणि हवा राहिली हे चांगलंच झालं. पण पगाराची नोकरी हवी तर तालुक्याबाहेर पाहावं लागतं. दक्षिणेला रेल्वेने वीसेक किलोमीटरवर बोईसर, म्हणजे तारापूरची एमआयडीसी. उत्तरेला उंबरगाव, सरीगाम आणि पन्नासेक किलोमीटरवर वापी, हे सगळं गुजरातमध्ये. ईशान्येला सिल्वासा. तलासरीचा मुलगा आच्छाडचा नाका ओलांडून दुसऱ्या राज्यात कामाला जातो आणि रात्री घरी जेवतो. १ मे १९६० ला उंबरगाव तालुक्याचा भाग गुजरातला गेला. नातीगोती दोन्ही बाजूंना राहिली, तशीच रोजीरोटीही.

या कारखान्यांतल्या बऱ्याचशा जागांची जाहिरात मराठी पेपरात येत नाही. त्या गेटवरच्या कागदावर लागतात, ठेकेदाराच्या फोनमध्ये असतात, नाहीतर “आमच्या लाइनला दोन हेल्पर हवेत” अशा बोलण्यात असतात. म्हणून तुमचा केदारमामा डॉक्टर असायची गरज नाही. तुमच्या पाड्यावरचा, त्या कारखान्यात दोन वर्षं टिकलेला ऑपरेटर हा उत्तम केदारमामा. आयटीआयचे निदेशक, तुमच्या आधीच्या बॅचची मुलं, संध्याकाळच्या शटलने पाळी सुटून परतणारी माणसं, हेही त्यातलेच. त्यांना “माझं काम करून द्या” म्हणू नका. माणूस ओशाळतो आणि टाळतो. त्याऐवजी विचारा: भरती कंपनी स्वतः करते की ठेकेदार? पाळ्या किती तासांच्या? मुलाखत कोण घेतं, आणि मशीनवर उभं करून पाहतात का? आधीचा माणूस सोडून का गेला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं असतं.

आणखी एक वाट आहे, तिचा वापर आपल्याकडे कमी होतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांना अप्रेंटिस घ्यावे लागतात. त्यात विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं, आणि मुख्य म्हणजे तुम्ही गेटच्या आत असता. आतल्या माणसाला रिकामी जागा आधी कळते. राज्याच्या ‘महास्वयम्’ संकेतस्थळावर नाव नोंदवून ठेवायला पैसे लागत नाहीत. तिथूनच चालणाऱ्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. ही कायमची नोकरी नाही हे लक्षात ठेवूनच तिकडे जावं.

३. आखूड कुर्ता

रामप्रसादने मागून आणलेला कुर्ता त्याला आखूड होतो. मालकाच्या नजरेतून ते सुटत नाही. रामप्रसाद त्यावर कापड वाचवण्याचं तत्त्वज्ञान सांगतो आणि भवानीशंकर खूश होतो. प्रसंग मजेचा आहे, पण त्यात एक साधी गोष्ट आहे: मुलाखत घेणारा आधी जे दिसतं ते पाहतो.

मग पोशाख बदलणं म्हणजे ढोंग का? माझ्या मते नाही. लग्नाला आपण शेतावरच्या कपड्यांत जात नाही, त्यात कोणाची फसवणूक नसते. स्वच्छ, इस्त्री केलेला शर्ट, पायात बूट किंवा निदान बंद चपला, कापलेली नखं. कारखान्यात शॉपफ्लोअरवर नेऊन दाखवणार असतील तर उघड्या चपला घालून आलेल्याला दारातच थांबवतात, हे सुरक्षेच्या नियमामुळे. त्यात अपमान मानू नये. नवा कपडा विकत घ्यायची गरज नाही. भावाचा शर्ट चालतो, मापाचा असला तर बरं.

भाषेचंही तसंच. रामप्रसाद मालकाला आवडणारी हिंदी बोलतो. आपल्या मुलांना वाटतं की इंग्रजी येत नाही म्हणून आपण संपलो. वापी-उंबरगावच्या कारखान्यात सुपरवायझर इंग्रजीत बोलत नाही. तो गुजरातीत किंवा हिंदीत बोलतो. तलासरीच्या पोराला घरात वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि टीव्हीवर हिंदी, अशा चार भाषा कानावर असतात. बायोडाटात मात्र तो “मराठी, हिंदी” एवढंच लिहितो. चारही लिहा. कोणती बोलता येते, कोणती नुसती समजते, हेही लिहा. चार भाषांतल्या कामगारांशी बोलू शकणारा लाइनवर उपयोगाचा असतो.

बदलायचं कुठपर्यंत, याची एक कसोटी देता येते. जे केल्याने उद्या कामाच्या जागी काही लपवावं लागणार नाही, ते खुशाल करा: कपडे, बोलण्याची रीत, वेळेआधी पोचणं, मालकाच्या धंद्याची माहिती काढून जाणं. जे केल्याने उद्या लपवालपवी सुरू होईल, ते करू नका. रामप्रसादची मिशी मुलाखतीच्या दिवशी खरी होती. ती खोटी झाली नंतर.

४. नखाने खरवडलेला चिकू

घोलवड-बोर्डीच्या वाडीत चिकू उतरवणाऱ्याला विचारा: फळ तयार आहे हे कसं ओळखता? चिकू झाडावर असताना रंग बदलून सांगत नाही. कामगार नखाने साल किंचित खरवडतो. आत हिरवं दिसलं तर फळ कच्चं. मुलाखतीतले उपप्रश्न हे तेच नख असतं. पहिला प्रश्न सालीवरचा असतो, दुसरा-तिसरा आतला. त्यामुळे पाठ केलेलं उत्तर पहिल्या प्रश्नाला पुरतं, तिसऱ्याला पुरत नाही.

समजा, झाईची एक मुलगी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून उंबरगावच्या कारखान्यात गेली आहे.

“तुमच्याबद्दल सांगा.”

“सर, मी झाईहून आले. माझा स्वभाव मेहनती आणि प्रामाणिक आहे. मला नवीन गोष्टी शिकायला आवडतात.”

या उत्तरात चूक काही नाही, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मेहनती नाही असं कोण सांगणार? आता हेच पाहा:

“सर, मी झाईहून आले, इथून जवळच. दोन वर्षं इलेक्ट्रिशियन ट्रेड केला. मोटरचं वायंडिंग आणि स्टार्टरची जोडणी मी स्वतः केली आहे. पीएलसी फक्त वर्गात पाहिलंय, हाताने केलेलं नाही.”

आता नख लागणार. “स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले कशाला असतो?” काम केलेलं असेल तर ती सांगेल: मोटरवर जास्त भार आला, करंट वाढला, तर तो सप्लाय तोडतो, म्हणजे मोटर जळत नाही. पीएलसी येत नाही हे तिने आधीच सांगितलंय, त्यामुळे ते नख तिला लागतच नाही. “येत नाही” हे तीन वाक्यं आधी सांगितलं की तो प्रामाणिकपणा ठरतो. पकडलं गेल्यावर सांगितलं की ती कबुली होते. माहीत नसलेल्या प्रश्नाला “माहीत नाही सर, दाखवलंत तर शिकेन” हे पूर्ण उत्तर आहे. रामप्रसादच्या बाबतीत गंमत उलटी आहे: त्याला पेले माहीत होता आणि तो नाही म्हणाला. आपल्याकडे बहुधा माहीत नसताना हो म्हणतात.

रात्रपाळीचा प्रश्न मुलींना येतोच. “चालेल” म्हणून मोकळं होऊ नका. कंपनीची गाडी कुठपर्यंत सोडते ते विचारा, घरी आधी बोलून जा आणि मग उत्तर द्या. पहिल्या महिन्यात सोडून देण्यापेक्षा मुलाखतीत नाही म्हणणं बरं.

५. भवानीशंकरची मिशी आणि आवणीची सुट्टी

भवानीशंकरचा मिशीवरचा विश्वास हा निव्वळ पूर्वग्रह होता. मिशी आणि हिशेब यांचा संबंध काय? पण तसे भवानीशंकर आजही खुर्चीत आहेत, फक्त त्यांची मिशी वेगळी आहे. डहाणू-तलासरीच्या मुलांच्या वाट्याला येणारी मिशी म्हणजे हे वाक्य: “आदिवासी पोरं टिकत नाहीत, आवणीला पळतात.” २०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात दर दहांतले नऊ जण अनुसूचित जमातीचे होते. म्हणजे एका वाक्यात जवळजवळ अख्खा तालुका बाद होतो.

या वाक्यात अन्याय आहे आणि एक धागा खराही आहे. जून-जुलैत भातलावणी, म्हणजे आपली आवणी, येते आणि घरचं शेत वाट पाहत नाही. आठ-दहा दिवस माणूस गायब होतो, फोन बंद असतो, आणि परत आल्यावर सांगतो, “आई आजारी होती.” अगदी रामप्रसादसारखंच. पुढच्या वर्षी आई खरंच आजारी पडली तर कोणी विश्वास ठेवत नाही. तुमच्यामागून येणाऱ्या पाड्यावरच्या मुलावरही ठेवत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. रुजू होतानाच सांगा: “सर, आवणीला मला चार दिवस लागतात. त्याच्याआधी मी रविवारी येऊन भरून काढीन.” काही ठिकाणी नाही म्हणतील. बहुतेक सुपरवायझरना सुट्टीचा राग नसतो, न सांगता घेतलेल्या सुट्टीचा असतो, कारण त्या दिवशी मशीन त्यांच्या नावावर बंद राहतं. आणि खुर्चीतला माणूस तुमच्या आडनावावरून किंवा पाड्यावरून काहीतरी टोचून बोललाच, तर वाद घालत बसू नका. “मी या ट्रेडमध्ये एवढं काम केलंय, मशीनवर पाहून घ्या” एवढं म्हणा. तरीही त्याची मिशी हलली नाही, तर ती कंपनी सोडा. चित्रपटाच्या शेवटी भवानीशंकर स्वतःची मिशी काढून कौटुंबिक फोटोत बसतो. प्रत्यक्षात त्याची वाट पाहत आपण बसू शकत नाही.

६. जुळा भाऊ कागदावर टिकत नाही

चित्रपटात लक्ष्मणप्रसाद बराच काळ खपून गेला, कारण भवानीशंकरने कागद मागितले नाहीत. आज आधार, भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ) यूएएन क्रमांक आणि बँक खातं एकमेकांना जोडलेलं असतं. आधी एका कंपनीत चार महिने काम करून सोडलं असेल आणि तिथे पीएफ कापला गेला असेल, तर ते यूएएनमध्ये दिसतं. “ही पहिलीच नोकरी” असं सांगितलं तर पहिल्या पगाराआधीच उघड होतं. सोडलं असेल तर सांगा, आणि कारण एका ओळीत द्या. खोटं अनुभवपत्र विकणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका, तो गुन्हा आहे.

राखीव जागेसाठी अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट आजच तपासावी: जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला महसूल खात्याचे अधिकारी देतात, दुसरा पडताळणी समिती. समिती वडील-आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांसारखे जुने पुरावे पाहते, त्यामुळे वेळ लागतो. भरतीची जाहिरात आल्यावर धावाधाव केली तर उशीर झालेला असतो. सीमेवरच्यांसाठी आणखी एक: महाराष्ट्राचं जात प्रमाणपत्र गुजरात सरकारच्या राखीव पदासाठी चालत नाही, जरी तुमचे सख्खे मामा पलीकडे राहत असले तरी.

नावातल्या चुकाही पाहून घ्या. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, असं असेल तर तुमचाच एक जुळा भाऊ सरकारी कागदात तयार झालेला असतो.

७. पगार विचारायचा का

विचारायचा. आणि हा प्रश्न उद्धट वाटत असेल तर आपल्याच मातीचा इतिहास आठवावा. २३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावात, किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्पिढ्या राबणारी लग्नगडी पद्धत, या दोन्हींना तिथे नकार दिला गेला. पुढे त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीचा लढा झाला. मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. किती काम आणि त्याचे किती पैसे, हे आकड्यात आणि आधी ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ. तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरी परुळेकरांचं नाव आहे; त्यात शिकलेल्या मुलाने “द्याल ते चालेल” म्हणू नये.

विचारायचं कसं, ते हिशेबाने पाहू. ठेकेदार म्हणाला, “रोजचे ५५० रुपये.” समजा महिन्याला २६ हजेऱ्या भरल्या: १४,३०० रुपये. ही पूर्ण रक्कम पीएफला धरली तर १२ टक्के, म्हणजे १,७१६ रुपये कापले जातात. ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे १०८. व्यवसाय कर २०० (महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही). हातात आले १२,२७६. जाण्यायेण्याचे रोज ६० रुपये धरले तर २६ दिवसांचे १,५६०. उरले १०,७१६.

ही आकडेवारी पाहून गावातलाच विनाकपात रोख रोजगार बरा वाटतो. पण कापलेले १,७१६ तुमच्याच नावावर जमा होतात आणि मालकही १२ टक्के भरतो. त्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो. ईएसआय असेल तर आजारपणात तुमच्यासह कुटुंबालाही उपचार मिळतात. म्हणून पगाराचा प्रश्न एकटा विचारू नका. सोबत हे विचारा: हातात किती येतील, पीएफ-ईएसआय आहे का, ओव्हरटाइमचा दर काय, गाडी आहे का, आणि पगार कोणत्या तारखेला. मुलाखतीच्या शेवटी, शांतपणे, “सर, माझे दोन प्रश्न आहेत” असं म्हणून. पीएफ कापतो म्हणणाऱ्या ठेकेदाराचे पैसे खात्यात खरंच जमा होतात का, हे यूएएनवर महिन्याभरात पाहता येतं. पाहा.

बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या, वीटभट्टीला जाणाऱ्या माणसांची मुलाखत होत नाही. त्यांना उचल मिळते. पावसाळ्याआधीच्या अडचणीत घेतलेली उचल म्हणजे अंगावर चढलेलं कर्ज, आणि ते फिटेपर्यंत दराची बोली करायची ताकद राहत नाही. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर गेलेले आपल्या तालुक्यांतले काही जण तर समुद्रसीमेवर पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात गेले. हा विषय एका प्रकरणात मावणार नाही.

८. जिथे भवानीशंकरच नसतो

सरकारी नोकरीसाठी मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना थोडं सांगायचंय. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), क आणि ड पदांच्या मुलाखती बंद केल्या. राज्यातही तलाठी, पोलीस शिपाई अशा भरत्या परीक्षेवर, आणि पोलिसांत मैदानी चाचणीवरही ठरतात. म्हणजे तिथे खूश करायला कोणी भवानीशंकर बसलेलाच नाही. मिशी कशीही असो.

अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांनी २०१४ मध्ये अधिसूचना काढली आणि तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक अशी वर्ग तीन-चारची ठरावीक पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. पुढे हे संवर्ग १७ झाले. पेसा भरती म्हणतात ती ही. न्यायालयीन वादात ती अडकली, उमेदवारांनी उपोषणं केली आणि २०२४ मध्ये मानधनावर नेमणुका देण्याचा तोडगा निघाला. याचा धडा एवढाच की सरकारी भरतीची तयारी करताना हाताला दुसरं काम ठेवा. तीन वर्षं फक्त जाहिरातीची वाट पाहणाऱ्याचं वय निघून जातं आणि बायोडाटा कोरा राहतो.

मुलाखत नाही म्हटल्यावर ‘आतून सेटिंग’ची बोली लावणारे येतात. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झाली. त्याच्याच जोडीला बुलेट ट्रेन, वीज केंद्र, रेल्वे. अशा मोठ्या नावांचा आधार घेऊन “तुला आत चिकटवतो, एवढे दे” म्हणणारा माणूस कोणत्याही नाक्यावर भेटू शकतो. केदारमामाने रामप्रसादकडून एक पैसाही घेतला नव्हता. खरी भरती करणारी कंपनी उमेदवाराकडून रुजू करण्याचे, गणवेशाच्या ‘डिपॉझिट’चे किंवा प्रशिक्षणाचे रोख पैसे घेत नाही, सरकारी परीक्षेचं शुल्क फक्त अधिकृत संकेतस्थळावर, पावतीसह भरलं जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा ते मागायला लाजू नका. मुलाखतीला जाताना मूळ कागद दाखवायला न्या आणि परत आणा. झेरॉक्स द्या, त्यावर “फक्त या नोकरीसाठी” असं लिहून तारीख टाका. कोणी मूळ दाखला ठेवून घ्यायचा आग्रह धरत असेल, किंवा नोकरीआधी पैसे मागत असेल, तर तिथून उठा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा.